कानाने टाकलेले गिअर

...तर तसं घाबरायचं काही कारण नाही, बाई. गाडी मेलेली नाही, रुसलीय फक्त. या, सावलीत बसा — तिकडे तोंड करून कशाला उभ्या राहिलात? बरं, राहा उभ्या. मी काय सांगत होतो — हां, हा पायाखालचा गिअरचा खटका. त्याच्यापासून ही पेन्सिलीएवढी दांडी इंजिनापर्यंत जाते. पाय खटक्याला सांगतो, खटका दांडीला सांगतो, दांडी इंजिनाला सांगते, मग कुठे गिअर पडतो. आता दांडीच्या टोकाचा नट पडलाय वाटेत कुठेतरी आणि दांडी बघा कशी लोंबतेय. म्हणजे मी आपला सांगतोय, सांगतोय, आणि पुढे काही पोचतच नाही — आमच्या घरातल्यासारखं. हसलात का? नाही? चालेल.

दोष रस्त्याचा आहे. या मसाकाकडच्या रस्त्यांनी माणसाचे दात हलतात, तिथे नट काय टिकणार? आणि थोडा त्या मेकॅनिकचा. आणि थोडा — असो. तुम्ही माझ्या मागे का बसलात तेही मला कळतं. स्टेजवर, भाड्याच्या मोटरसायकली उभ्या राहतात तिथे, दुसरा एकही बोडावाला नव्हता. एरवी माझ्या मोटरसायकलवर कोण बसतंय? पोरं मला तोंडावर म्हणतात — मुझे, तुमच्या गाडीवर कोंबडी बसवली तर उतरेपर्यंत तिची पिल्लं होतात. म्हणू देत. मुझे म्हणजे म्हातारबा हो, शिवी नाही ती. शिवी वेगळी देतात.

पण एक विचारू? सुरुवातीला तुम्ही बऱ्या बसला होतात. मी माझ्या कलांझीचं बोलायला लागलो — माझा मुलगा, कम्पालात विजेच्या तारा जोडतो — आणि तुम्ही ती पिशवी उचलून आपल्या दोघांच्या मध्ये ठेवलीत, आणि पार मागच्या कडेला सरकलात. म्हटलं, माझ्या कोटाला वास येतोय. येत असेल. सकाळी बकऱ्या बांधल्या याच कोटात. किंवा म्हटलं, माझ्या बोलण्याला कंटाळल्या. तेही खरं. माझी बायको तर मी तोंड उघडलं की केळी सोलायला घेते.

एखादी पिन आहे का हो, केसातली वगैरे? नटाच्या जागी भोकात घालून वाकवली की टेकडी चढून जाऊ. तुम्हाला चर्चपर्यंतच जायचंय ना? — अहो, दगडावर कशाला ठेवलीत, हातात दिली असती तरी... हां, हात ग्रीसचे आहेत माझे. बरोबर. अरे वा, सेफ्टी पिन! खांद्यावरच्या कापडाची काढून दिलीत? आता ते कापड हाताने धरावं लागेल तुम्हाला. चांगल्या घरच्या आहात हो.

खरं सांगू — दुसरा कोणी असता तर त्याला दांडी निघाल्याचं तिथे खाली ओढ्यापाशीच कळलं असतं. खटका एकदम सैल होतो, पायाला लगेच कळतं. मी आपला सगळा चढ त्या पोकळ खटक्यावर लाथा मारत आलो. गाडी रडतेय आणि मी मारतोय. का? कारण पायालाच — तसं काही नाही, थोडं बधिर आहे. डावं पाऊल. मागे चुलीतला निखारा पडला त्याच्यावर, तर मला वासाने कळलं. म्हटलं आज मांस कुठे शिजतंय! तेव्हापासून मी गिअर कानाने टाकतो. जोरात मारायचं, आणि आवाज बदलला की समजायचं, पडला. म्हणून तर नट टिकत नाहीत. मेकॅनिकला उगाच नाव ठेवलं मघाशी.

घरात कुणाला माहीत नाही. कलांझीला कळलं तर गाडी त्याच दिवशी विकेल, म्हणेल केळीच्या सावलीत बसा. बसतो मी! त्याच्या मागणीच्या समारंभाला तर मी गेलोच नाही — मुलीकडच्यांच्या चटईवर बसायचं म्हणजे बूट बाहेर काढायचे, आणि हे पाऊल, हे चिंध्यांचं गाठोडं, त्यांच्या पुढ्यात ठेवायचं? ताप आला म्हणून सांगितलं. बायकोने काढा पाजला, विषासारखा कडू. प्यायलो. सून अजून पाहिलेली नाही मी. रविवारी यायचीय कलांझीबरोबर. बायको आत्तापासून कोंबड्यांना नावाने हाका मारतेय, कोणाला कापायचं ते ठरवायला. आणि मी बूट शोधतोय — उंच, घोट्यापर्यंतचे, घरातही घालून बसता येतील असे.

हं, बसली पिन. ऐका — पहिला. दुसरा. झालं! या, बसा.

या ना. आता काय झालं? अजून तिकडेच तोंड? मी काही खात नाही, बाई. पिशवी हवी तर दोन ठेवा मध्ये. पिन दिलीत तीही दगडावर ठेवून, तोंड दाखवलं नाहीत, कलांझीचं नाव निघालं आणि — 

थांबा.

चर्च म्हणालात तुम्ही. चर्चच्या मागे घर एकच आहे. आमचं.

अगं आई गं. सूनबाई? तू तर रविवारी यायची होतीस ना?

नको, बोलू नकोस. मीही फिरवलं तोंड, हे बघ — म्हणजे बघू नकोस. आमच्यात रीतच आहे, सासऱ्याने सुनेला शिवायचं नाही, तिच्याशेजारी टेकायचं नाही, आणि मी गाढव, तुला पाठीशी घेऊन अख्खा चढ आलो! पिशवी होती. पिशवी होती मध्ये म्हणून वाचलो दोघंही. तुझ्या लगेच लक्षात आलं, माझ्या तोंडाला मात्र ब्रेकच नाही. आणि आता गाडी दुरुस्त झाली, तर तुला तिच्यावर बसवता येत नाही. माझंच नशीब!

ए सेन्कुंगू! थांबव तुझी मोटरसायकल! हसू नकोस, गाडी चालू आहे माझी. ह्या बाईंना माझ्या घरी सोड. का ते विचारू नकोस. पिशवी नीट घे, सावकाश ने, खड्ड्यांतून उडवू नकोस.

सूनबाई — ते पायाचं. मी म्हणणार होतो, तू काही ऐकलं नाहीस. पण तू एका हाताने कापड धरून उभी आहेस, माझ्या पिनेपायी... 

सांग कलांझीला. मी सांगितलं तर त्या घरात पोचत नाही. तुझं पोचेल. फक्त त्या काढ्याचं बायकोला सांगू नकोस, ती पुन्हा पाजेल.

जा आता. मी येतो मागून, पहिल्या गिअरमध्ये. मागे वळू नकोस, पोरी. मीही वळत नाही. आणि आता एक शब्द बोलत नाही.