शुक्रवारचा दर

दराचा विषय निघालाच आहे, म्हणून सांगतो. नारपोलीतला माझा मित्र मिलिंद गाण्यांना संगीत देतो आणि ती घरातल्याच स्टुडिओत ध्वनिमुद्रित करतो. मी त्याला नेहमी बजावत असे, "जागा स्वतःची असली, तरी तिचे भाडे मानधनाहून वेगळे लाव."

तो म्हणे, "शेजारी कापड विणणारे लूम खडखडतात. तो आवाज गाण्यात शिरतो. अशा जागेचं भाडं कोणत्या तोंडानं मागू?"

अखेर तोडगा निघाला. भाडे फक्त शुक्रवारी, लूमच्या सुटीच्या दिवशी घ्यायचे.

गेल्या महिन्यात एका मंगळवारी शेजारच्याच कारखान्यातला राजू भीमगीत गायला आला. मीही तिथे होतो. ध्वनिमुद्रण निर्दोष झाले. मिलिंद खुशीत म्हणाला, "राजू, आज एकही खडखड नाही. शुक्रवारचा दर पडेल बरं."

राजूने हेडफोन उतरवून ठेवला. "दादा, मालकानं सकाळीच कारखाना बंद केला. लूम भंगारात जाणार. माझं काम गेलं म्हणून ही शांतता हाय. तिचं भाडं पण माझ्याकडूनच घेणार?"

मिलिंदने काहीच घेतले नाही.

आता त्या गल्लीत रोजच शुक्रवार असतो. पण गायला येणारे बहुतेक लूमवरचे कामगारच होते.