पाच तिला, सहा मला

नाही, पण तुम्हीच सांगा, माणसाने घरदार सोडून सहा वर्षं लांब जाऊन अंडी उबवण्याचं शास्त्र शिकावं, पदवी घ्यावी, पदवीवर आणखी एक पदवी घ्यावी, आणि परत आल्यावर काय दिसावं? मला वाटलं होतं, काकू दारात उभी असेल, म्हणेल, "बरं झालं बाई आलीस, या बुटक्या कोंबड्यांचं आता तूच बघ." आणि मग मी बाह्या वर सारून शास्त्र घरोघरी वगैरे... तर काकू दारात नव्हतीच. काकू शिवणाच्या मशीनवर होती, तोंडात चार टाचण्या, आणि त्या टाचण्यांमधूनच म्हणाली, "चपला काढ आणि पाय वाजवू नकोस. हेडबाई बसल्यात."

हेडबाई म्हणजे कोंबडी. चहाच्या किटलीला पिसं लावली तर जेवढी होईल तेवढी. या बुटक्या जातीत मोठं असं काही नसतंच, मोठा असतो तो फक्त ताठा. मशीनच्या टेबलाखाली, पायडल खडखडतंय त्याच्या वीतभर बाजूला, चिंध्यांच्या खोक्यात बाई खुडूक बसलेल्या. खुडूक म्हणजे कळलं ना, पिल्लं काढायची म्हणून हटून बसलेली. मी वाकून बघितलं तर तिने माझ्याकडे असं पाहिलं, की मला माझा शाळेतला न केलेला गृहपाठ आठवला.

आता प्रकरण काय होतं ते ऐका. एकोणीस वर्षं काकूने ही जात घरात सांभाळलेली. शिवणकाम करता करता, मागच्या गच्चीवर, चार माद्या नि एक नर. आणि मी यायच्या आठवडाभर आधी तो एकुलता एक कोंबडा म्हातारा होऊन गेला. त्याची शेवटची अकरा अंडी तेवढी राहिलेली. ही गेली की संपलंच, अशी जात आमच्या गावात दुसऱ्या कुणाकडे नाही. काकू असलं काही तोंडाने बोलायची नाही. फक्त अंड्यांची टोपली पुढे करून म्हणाली, "पाच तिला, सहा तुला. बघू कोण जास्त शिकलंय."

सहा! शेवटच्या अकरातली सहा काकूने माझ्या हातात दिली, एवढं मी विसरायला नको होतं. पण मी काय केलं? मी तिला व्याख्यान दिलं. यंत्र दाखवलं. माझं मी बनवलेलं उबवणी यंत्र, आत पंखा, तापमापक, दर दोन तासांनी अंडी आपोआप कलती करणारी पट्टी, आणि ऊब कमीजास्त झाली की वाजणारी शिट्टी. काकूने सगळं नीट ऐकून घेतलं आणि विचारलं, "एवढं सगळं ते करतं, मग तू काय करतेस?" मी म्हटलं, मी नोंदी ठेवते. "हो का," म्हणाली, आणि सुईत दोरा ओवला.

यंत्राची ऊब स्थिर व्हायलाच दोन दिवस गेले, म्हणजे माझी अंडी दोन दिवस उशिरा लागली. हे दोन दिवस लक्षात ठेवा, पुढे त्यांनीच जीव टांगणीला लावला.

मग सुरू झालं. मी पहाटे उठून आकडा बघतेय, दुपारी बघतेय, आंघोळीला जाताना बघतेय, पाण्याचं भांडं भरतेय, वही काळी करतेय. आणि हेडबाई? बसलेल्या. दिवसातून एकदा उठायची, दाणे टिपायची, पाणी प्यायची, धुळीत दोन गिरक्या घेऊन परत. मी घड्याळ लावून मोजलं. बारा मिनिटं. रोज बारा मिनिटं! अहो, आमच्या विद्यापीठात बारा मिनिटांच्या सुट्टीवर गेलेला माणूस जेवूनखाऊन झोप काढून यायचा. मी अंडी कलती करायला पट्टी बनवली, ती चोचीने एकेक अंडं आत ओढायची, कडेचं मधे, मधलं कडेला, कोणाला कमी नाही, कोणाला जास्त नाही. कुठे शिकली? कुठेच नाही. बसून बसून शिकली.

आणि तरीही, तुम्हाला सांगते, माझी अक्कल ठिकाणावर आली नाही. माझ्या अंड्यांच्या पंधराव्या दिवशी मी शेजारच्या इमारतीच्या सभागृहात व्याख्यान ठेवलं. विषय, 'ऊब : समज आणि गैरसमज'. जाताना काकूला बजावलं, "त्या यंत्राला वारा लागू देऊ नकोस हं, काही झालं तरी." तिकडे तासभर बोलले. बायका माना डोलावत होत्या, एकीने तर लिहून घेतलं. हवेत तरंगत घरी आले.

आणि बघते तर यंत्राला कपडे घातलेले.

खरंच सांगते. जाड अंगरखा, आतून कापूस भरलेला, कडेने निळी पट्टी, समोर पाच बटणं, आणि वर झालर. काकूने चार दिवस आधीच गुपचूप टेपने माप घेतलेलं. "वारा लागू देऊ नकोस म्हणालीस ना? उघडंच बसलं होतं बिचारं." आता यंत्राला बाजूने हवेची भोकं असतात हे मी सांगितलं होतं का? शिट्टीचं सांगितलं, वहीचं सांगितलं, माझ्या पदव्यांचं दोनदा सांगितलं. भोकांचं नाही सांगितलं.

मी म्हटलं, काकू, शिट्टी नाही वाजली? तर चेहरा फुललेला तिचा, "मघापासून आतून कूं कूं चाललंय, म्हटलं पिल्लं बोलायला लागली. म्हणून तर झालर लावली."

बटणं काढेपर्यंत पंखा जळून गेला होता. तापमापकाचा आकडा मी तुम्हाला सांगत नाही, मलाच ऐकवत नाही. पडदे ओढले, एकेक अंडं टॉर्चपुढे धरलं. चारात हालचाल होती. दोन गप्प. आणि काकूचा चेहरा मी पहिल्यांदा तसा बघितला. ती त्या दोन अंड्यांवर नुसता हात ठेवून उभी राहिली. मी म्हटलं, चूक माझी आहे. ती म्हणाली, "चूक नंतर वाटून घेऊ. आधी चार उचल, गार होतील."

मी म्हटलं, अगं, पण एवढ्याशा कोंबडीच्या अंगाखाली पाच, फार तर सहा अंडी मावतात, पुस्तकात कोष्टक आहे. काकू म्हणाली, "तिने कुठे वाचलंय." आणि खाली बसून एकेक अंडं हेडबाईंच्या छातीखाली सरकवलं. सहावं. सातवं. आठवं. मला दोनदा टोचलं, काकूला एकदाही नाही. नववं गेलं, आणि ती किटली फुगली हो. पंख जमिनीला टेकवले, पिसं पसरली, बघता बघता घोंगडी झाली. मी चारही बाजूंनी वाकून बघितलं, एक अंडं बाहेर दिसेल तर शपथ. नऊ आत, आणि हेडबाई बसलेल्या.

तीन दिवसांनी तिची स्वतःची पाच फुटली. पाचच्या पाच. लिंबाएवढी पिल्लं, पायांना चाकं लावल्यासारखी. आणि मी मात्र बोटांवर दिवस मोजतेय. का? दोन दिवस! माझी चार अजून दोन दिवस मागे होती. पिल्लं निघाली की कोंबडी दिवस-दीड दिवसात उठते, पिल्लांना घेऊन चरायला जाते, मागे राहिलेली अंडी गार पडतात. हे मात्र पुस्तकात आहे आणि खरं आहे. मी काकूला म्हटलं, उठली तर? काकूने मशीन थांबवलं. घरात पहिल्यांदा खडखड थांबली, एवढी शांतता की मला भीती वाटली. ती खोक्यापाशी कान नेऊन बसली आणि म्हणाली, "आतून आवाज आलाय तिला. ऐक, ही उत्तर देतेय."

खरंच देत होती. अगदी हळू, पोटातल्या पोटात, टुक, टुक. कवचातून चिवचिव, वरून टुक. पाच पिल्लं पाठीवर चढतायत, डोळ्याला टोचतायत, एक तर डोक्यावर उभं राहिलं, आणि ती दोन दिवस उठली नाही. बारा मिनिटंसुद्धा नाही. काकूने पाणी चोचीशी धरलं तेवढं प्यायली. पिल्लांना कणी काकूने भरवली. मी वही बाजूला ठेवली. काय लिहिणार? रकानाच नव्हता.

दुसऱ्या दिवशी दुपारी माझ्या चारांतली तीन निघाली. चौथ्याने भोक पाडलं आणि अडकलं. मी चिमटा घेऊन तयारच. काकूने मनगट धरलं, "हात लावू नकोस. घाईने उसवलं की कापड फाटतं." आम्ही दोघी फरशीवर बसून राहिलो. चौथं नाही आलं. संध्याकाळी काकूने ते उचलून फडक्यात गुंडाळलं आणि म्हणाली, "आठ झाली. आठात एखादा तरी कोंबडा निघेलच." मग फडक्याला गाठ मारत, "तुझी तीन दणकट आहेत हो." मला रडू आवरेना.

दुसऱ्या दिवशी सकाळी दार वाजलं. व्याख्यानाला आलेल्या बायका, पाचजणी, हातात टोपल्या. "ताई, आमची अंडी तुमच्या यंत्रात ठेवा ना." मी त्यांना आत घेतलं, चपला काढायला लावल्या, आणि तिथेच ठरवून टाकलं. म्हटलं, यंत्र जळालंय. आणि मी जे बोलले त्यातलं निम्मं विसरा. शिकवणारी ही बसलीय, हिच्याकडे शिका, मीही शिकतेय.

काकूने टाचण्यांमधून विचारलं, "आणि हे कपडे कोण शिवणार? ढीग पडलाय."

तर आता असं आहे, रोज अकरा ते एक काकूची शिकवणी, आणि तेवढा वेळ दोन पदव्या घेतलेली मी पलीकडे बसून काजं करते. पहिल्या दिवशीची चौदा काकूने नीट निरखून बघितली, छान म्हणाली, आणि सगळी उसवायला लावली.