सासूबाई समुद्राखालून निघाल्या

...आणि वर मला म्हणतात कशा, "ही नको, जावईबापू. हिच्या मालकाचा आजोबा लोकर तोलताना तराजूला अंगठा लावायचा!" आता मला सांगा, गाडी दातांच्या डॉक्टरची, आतून इतकी लख्ख की बूट बाहेर काढून बसावं, इंजिन मांजरासारखं गुरगुरतंय, गंज म्हणाल तर नावाला नाही. आणि आमच्याकडे, तुम्हाला सांगतो, ह्या खाऱ्या वाऱ्यात माणूससुद्धा गंजतो, तिथे गाडीची काय कथा! आणि ह्या बाईंना त्यात दिसला कोण, तर कुणाचा तरी मेलेला आजोबा आणि त्याचा अंगठा! अहो, त्या अंगठ्यावर आता हातभर गवत उगवलंय! पण जावई माणूस... मी काय बोलणार? बसलो परत त्याच गाडीत आणि आलो तसा गेलो. समुद्राखालून!

थांबा, नीट सांगतो. मी हानुस. मी, माझी बायको मारिन, आम्ही राहतो तोरशाव्नला, आमच्या फेरो बेटांच्या राजधानीत. आणि मारिनची आई, एल्स्पा, वय एकोणऐंशी, ती राहते समोरच्या सांदोय बेटावर. मधे समुद्र. इतकी वर्षं बोट होती, मग सरकारने समुद्राखालून बोगदा काढला. अकराएक किलोमीटर. उद्घाटनाला अख्खं सांदोय लोटलं, लोक बोगद्यात चालत काय गेले, गात काय गेले, केक काय खाल्ले... एक माणूस फिरकलं नाही. आमच्या सासूबाई! "खड्डा आहे. बघायचं काय त्यात?"

आता त्यांचं आणि समुद्राचं काय आहे ते ऐका. बाई चोवीस वर्षांच्या होत्या तेव्हा त्यांचे वडील आणि धाकटा भाऊ दान्याल मासे धरायला गेले. धुकं उतरलं, बोट खडकावर गेली. सुकाणू चुलत्याच्या हातात होतं. चुलता पोहत आला. हे दोघं नाही आले. सापडलेसुद्धा नाहीत. तेव्हा बाई किनाऱ्यावर उभ्या राहून म्हणाल्या, "ह्या पाण्यावर मी पुन्हा पाय ठेवणार नाही." लोकांना वाटलं, दुःखात माणूस बोलून जातो. बोलून जातो? अहो, पन्नासावर वर्षं झाली, बाईंनी पाय ठेवला नाही! आणि राहायचं कुठे, तर बेटावर! म्हणजे काय ते ध्यानात घ्या... बेट सोडणंच बंद! दाढ दुखली, दाराला दोरा बांधून काढली. बाळंतपणं घरात. आणि माझं लग्न! तोरशाव्नच्या चर्चमध्ये ठरलेलं लग्न, पण वधूमाय बोटीत बसणार नाही, म्हणून सगळं वऱ्हाड बोटीत भरून सांदोयला न्यावं लागलं, ऐन वादळात, आणि माझी आई विहीणबाईंच्या दारात उतरली ती ओकतच! पण मी काय बोलणार?

सासूबाईंची बहीण आहे, सुन्नेवा. थोरली. ती आमच्याच गावात, तोरशाव्नला. दर उन्हाळ्यात तीच बोटीने बहिणीकडे जायची, कारण ही तर येणार नाही. गेल्या वर्षी सुन्नेवामावशी पडल्या. खुब्याचं हाड मोडलं. आता खिडकीपाशी चाकाच्या खुर्चीत. त्यांनी फोन केला, "एल्स्पा, माझं येणं संपलं. आता तू ये, नाहीतर देवाघरी भेटू." एवढंच. फोन ठेवला. आणि लगेच आमचा फोन वाजला. "जावईबापू, मला गाडी घ्यायचीय. लहानशी. जुनी चालेल."

मी म्हटलं, "आई, गाडी कशाला? माझी आहे की! मी नेतो, मी आणतो."

"तुमच्या गाडीत? सुकाणू दुसऱ्याच्या हातात देऊन समुद्रात शिरू? घरातले दोघं तसेच गेलेत. माझी गाडी, माझे हात."

"पण तुमची ती शपथ?"

"पाण्यावर पाय ठेवणार नाही म्हटलं होतं. खालून जायला कुठे बंदी आहे?"

अरे, वकील झक मारतो हो! मी काय बोलणार?

आणि गाडी चालवता येते हं बाईंना. लायसन्स लग्नाआधीचं, शपथेच्याही आधीचं. सासऱ्यांची व्हॅन त्याच चालवायच्या. बटाटे, मेंढ्या, सासरे, सगळं मागे टाकून! ती व्हॅन गंजून गंजून सासऱ्यांच्या पाठोपाठ गेली. म्हटलं, निदान डॉक्टर तरी ह्या वयात नाही म्हणेल. त्याने तपासलं, सही ठोकली, आणि म्हणतो काय, "नजर उत्तम. तुमच्यापेक्षा चांगली!" माझ्याकडे बघून! पण सांदोयवर चालवणं म्हणजे काय हो? समोरून आली तर मेंढी येणार.

आता बाई तर बेट सोडून गाडी बघायला येणार नाहीत. पहिल्यांदा निघायचं ते आपल्याच गाडीतून! मग गाड्या कुणी न्यायच्या? मुलगी दाखवायला नेतात ना, तशी एकेक गाडी मी मालकाच्या हातापाया पडून आणायची आणि समुद्राखालून सांदोयला न्यायची, दाखवायची! पहिली ती दातांच्या डॉक्टरची, अंगठ्यात गेली. दुसरी नेली चर्चच्या घंटावाल्याची, रविवारी भजनही तोच सांगतो. त्या गाडीला मेंढीचा असा वास, असा वास की मी तोंड खिडकीबाहेर काढून चालवली. म्हटलं, ही पहिल्या श्वासात नापास! छे! बाई आत बसल्या, छाती भरून श्वास घेतला, "वा, चांगली पोसलेली मेंढी दिसतेय." मी खूश! तर म्हणतात, "पण गाडी नको."

"आता काय झालं?"

"तो माणूस भजनाच्या शेवटच्या कडव्याला घाई करतो. रेडिओवर ऐकते ना मी दर रविवारी. ज्याला देवाच्या दारात थांबवत नाही, त्याची गाडी काय थांबणार?"

मी मनात म्हटलं, बाई, काय संबंध! आणि परत येताना बोगद्याच्या उतारावर ब्रेक दाबला... तुम्हाला सांगतो, थांबली. पण जरा विचार करून थांबली! अंगावर काटा आला माझ्या. जाताना वासाच्या भानगडीत लक्षातच आलं नव्हतं.

तिसरी गाडी मालानबाईंची. विधवा बाई, नजर गेली म्हणून विकत होत्या. गाडी एवढीशी, काडेपेटीएवढी, आणि रंग हिरवा... हिरवा म्हणजे कसा, आजारी बेडकासारखा. सासूबाई आत बसल्या. सुकाणूवर दोन्ही हात ठेवले. सीटखाली हात घातला तर एक विणायची सुई निघाली. ती बघितली, पदराला पुसावी तशी शालीला पुसली, परत होती तिथे ठेवली.

"देताना मालान रडली का?"

"रडल्या नाहीत. पण बोनेटवर हात ठेवून उभ्या राहिल्या. बराच वेळ."

"हीच घ्यायची. आणि ती मागेल ते द्यायचं. अशा बाईशी घासाघीस करायची नाही."

झालं! न चालवता, न टायर बघता! मी काय बोलणार?

आणि मग आला तो रविवार. चर्च सुटलं तशा बाई निघाल्या. काळी शाल, तिला चांदीची पिन, जशा लग्नाला चालल्यात. मागच्या सीटवर बहिणीसाठी वाळवलेल्या मटणाची अख्खी तंगडी, आणि तिला सीटबेल्ट! मी बाजूला बसलो. हँडब्रेककडे माझा हात नुसता सरकला तर फटकन चापट! "हात मांडीवर!"

बोगद्याच्या तोंडाशी गाडी क्षणभर थांबली. बाईंनी काचेतून वर बघितलं, डोंगराकडे. मग आत घातली. आणि वेग काय म्हणाल? मालानबाईंच्या सुईवर तेवढ्या वेळात अर्धा मोजा विणून झाला असता! मी आरशात बघतो तर मागे एक गाडी... दोन... पाच... मग मोजणं सोडलं. दिव्यांची माळच लागली! मी शरमेने खाली खाली सरकतोय, आता कुणीतरी हॉर्न मारणार, आता मारणार... आणि कुणी मारेना! एकही नाही! समोरून येणाऱ्या गाड्यासुद्धा हळू होताहेत. मला कळेना, झालंय काय ह्या लोकांना?

"आता वर पाणी आहे?"

"नाही आई, अजून डोंगर आहे."

उतार चाललाय... चाललाय... कानात दडे बसले.

"आता?"

"आता... हो. आता वर समुद्र आहे."

बाईंनी वेग आणखी कमी केला. म्हणजे होता कुठे, पण कमी केला. नजर सरळ रस्त्यावर. आणि हळू आवाजात बोलायला लागल्या. माझ्याशी नाही.

"बाबा, मी एल्स्पा. वर नका शोधू, खाली बघा. खाली आहे मी. ...दान्याल, ओळखणार नाहीस तू मला. तू एकोणीसचाच राहिलास आणि मी बघ, तुझी आजी शोभते. गाडी घेतलीय. हिरवी आहे. सुकाणू माझ्याच हातात आहे, काळजी करू नका. सुन्नेवाकडे चाललेय. तिला काही निरोप आहे का?"

आणि थांबल्या हो उत्तरासाठी! जसा आपण दारात उभं राहून आतल्या माणसाला विचारतो, काही आणायचंय का, आणि थांबतो... तशा. आणि तुम्हाला सांगतो, मी बँकेत नोकरी करतो, भुताखेतांवर माझा विश्वास नाही, देवावर आहे तो फक्त नाताळात... पण मीसुद्धा कान दिला! श्वास धरून! टायरांचा आवाज, बोगद्यातला वारा, बाकी काही नाही.

"बरं, सांगते तिला," बाई म्हणाल्या, आणि गिअर बदलला.

मला राहवेना. "आई, काय म्हणाले?"

"निरोप सुन्नेवासाठी आहे. तुमच्यासाठी नाही."

मी... मी खरंच काय बोलणार?

चढ संपला, समोर उजेड दिसला आणि बाहेर आलो. बाईंनी गाडी रस्त्याकडेला घेतली, "मागच्यांना जाऊ द्या, ताटकळलेत बिचारे." आणि मागची माळ एकेक करून पुढे जायला लागली. पहिली बस. ड्रायव्हरने टोपी काढली! मागून मासळीचा ट्रक, त्याने दिवे मिचकावले. मग एक बाई, काच खाली, मांडीवर मूल, मुलाचा हात धरून हलवतेय. आणि एक म्हातारा, सांदोयचाच, गाडी थांबवून म्हणतो, "आलीस एल्स्पा!" बस्स, एवढंच, आणि गेला. तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. अहो, सगळ्यांना ठाऊक होतं! चर्च सुटल्यासुटल्या अख्ख्या बेटावर बातमी गेली होती, एल्स्पा निघाली! ज्यांना काही काम नव्हतं तेही मागे आले होते. हॉर्न कसला मारताहेत? ते तिला पोचवायला आले होते हो! मी इतका वेळ आरशात बघून शरमत होतो... आणि माझ्या डोळ्यांना... जाऊ द्या. वारा फार असतो त्या बाजूला.

तोरशाव्न पन्नास वर्षांनी बघत होत्या. "एवढे लोक राहतात कुठे? आणि सगळ्यांना बटाटे पुरतात?" पहिल्या चौकात सगळ्यांना वाट देत बसल्या, मागचे-पुढचे, पायी चालणारे, एक कुत्रासुद्धा. शेवटी तो कुत्राच लाजून थांबला.

सुन्नेवामावशी खिडकीत होत्या, मारिन त्यांच्या सोबतीला. सकाळपासून. मी दार उघडलं, म्हटलं आता रडारड, मिठ्या, मी रुमाल काढून तयार! मावशींनी खाली उभ्या गाडीकडे बघितलं, बहिणीकडे बघितलं. "हिरवी? जगात दुसरा रंग नव्हता?"

"आतून दिसत नाही," सासूबाई म्हणाल्या. शाल काढली, खुर्चीपाशी गुडघ्यावर बसल्या, ह्या वयात, आणि बहिणीच्या कानाशी तोंड नेऊन तो निरोप सांगितला. लांबलचक होता. मावशी ऐकत होत्या, ऐकत होत्या... आणि एकदम हसल्या! खो खो हसल्या, हसता हसता डोळे पुसायला लागल्या, आणि म्हणाल्या, "दान्यालच तो! दुसरं कोण बोलणार असं!"

मी मारिनकडे बघतोय, मारिन माझ्याकडे. काय म्हणाला दान्याल? आजतागायत सांगितलेलं नाही. विचारलं की दोघी एकमेकींकडे बघतात आणि हसतात. मी तर म्हणतो, मला नका सांगू, पण त्या हसण्याच्या वेळी मी त्या खोलीत होतो, हे मात्र मी विसरायचो नाही.

आता कुणी म्हणेल, गोड झालं सगळं. झालं ना! मारिन म्हणाली, आता बोगदा आहे, आईलाही येता-जाता येतं, दर रविवारी सगळे सांदोयला जमू, आईच्या हातचं जेवू. मीही खूश. रविवारी फोन केला, "आई, आम्ही निघतोय." तिकडून आवाज, मागे वाऱ्याचा घों घों, आणि मावशी मोठ्याने गाताहेत. "येऊ नका, जावईबापू! आम्ही घरी नाही! सुन्नेवाची खुर्ची मागच्या सीटवर टाकलीय, उत्तरेकडच्या बेटांना निघालोय! कधी परतू सांगता येत नाही! ...किंवा असं करा, तुम्ही या. दार उघडंच आहे. कोंबड्यांना दाणे घाला."

तर आता दर रविवारी मी जातो. एकटा. आणि तुम्हाला सांगतो, त्या कोंबड्यासुद्धा मला बघून आधी गाडीत डोकावतात, मालकीण आलीय का म्हणून!