पोरगी समोरच तर देली

...अन् वरून लोकं मलेच म्हणतात, "रुपरावजी, तुमचं बरं हाये बापा, पोरगी समोरच तर देली." समोरच तर देली... अरे, पण समोर जाऊन पाहा न एकडाव! तुमाले सांगतो, मी रिटायर माणूस, दोन पोरींचा बाप, अन् या नागपुरात माझ्याइतका मूर्ख बाप दिवा घेऊन शोधला तरी भेटणार नाही. मोठी वैभवी, तिले देली मौद्याले. ते सासरी निघाली तं तिची आई, म्हणजे आमची वच्छला, इतकी रडली, इतकी रडली, का म्या तिथंच मांडवात शब्द देऊन टाकला, का धाकटीले गावाबाहेर देतच नाही, नजरेसमोर ठेवतो. अन् ठेवली. वैदेहीले धरमपेठेतलं एक स्थळ आलतं, पोरगा इंजिनेर, दारात गाडी, सगळं चांगलं, अन् मी काय म्हटलं असन? धरमपेठ दूर पडते म्हटलं! अन् रोडच्या पल्याडचं घर पसंत केलं. पार्वतीबाईचा रविंद्र. आमच्या गच्चीवरून त्यायची गच्ची दिसते. तवा मधातला रोड कसा होता, इकडून वच्छलानं "कढीपत्ता हाये का वं" म्हणून आवाज देला, का तिकडून पार्वतीबाई डहाळी घेऊन अनवाणी येत होत्या.

मंग विकास झाला.

रोड सिमेंटचा झाला, रुंद झाला, अन् आमच्या दारापेक्षा उंच झाला. आता मी घरातून निघत नाही, चढतो. बाजूले फुटपाथ येणार होता, नकाशात हाये म्हणतात. येणार होता तिथं फरशीच्या सिमेंटी गट्टूचा ढीग पडून हाये, ढिगाले लागून उघडी नाली, नालीले लागून पाणीपुरीचा ठेला, ठेल्यासमोर खाणाऱ्यायच्या गाड्या, अन् या साऱ्यातून जे उरते तिथून माणसानं चालायचं, म्हणजे रोडवरून. बरं, पार कराले जा, तं आधी उजवीकडं पाहा म्हणतात. उजवीकडं पाह्यलं का डावीकडून एखादा गाडीवाला येते. राँग साइड. मान वाकडी, मोबाइल खांद्यात दाबलेला, अन् आपल्याकडं असं पाहते, का जसे आपणच त्याच्या स्वयंपाकघरात घुसलो. मौद्याची पोरगी दर रविवारी येऊन जाते, अन् समोरची दिवाळीपासून आली नाही. पण समोरच तर देली न!

अन् त्यात वैदेहीले दिवस गेले. डोहाळे कशाचे, तं आईच्या हातच्या सांबारवडीचे, म्हणजे तुमच्या कोथिंबिरीच्या वडीचे. फोनवर म्हणते, "आई, गरमगरम पाहिजे वं." वच्छलानं वड्या तळल्या, डबा भरला, रोडवर जाऊन उभी राह्यली. उभी... उभी... वड्या थंड्या झाल्या. घरी आली, गरम केल्या, पुन्हा गेली. पुन्हा थंड्या. मंग तिचं डोस्कं फिरलं, "आता नाही थांबत म्या" म्हणे, अन् हात वर करून निघालीच. अर्धा रोड गेली, डिव्हायडर चढली, उतरली, अन् तिकडून आला राँग साइडवाला एक जण. वच्छला खाली, डबा खाली, वड्या साऱ्या सिमेंटवर. अन् तो काय म्हणते माहीत हाये? "काकीजी, देखके चलना चाहिए ना." हे बसली खाली पाय धरून, अन् तिथूनच त्याले म्हणते, "देखूनच चालली होती बापा, तूच कुठून आला ते नाही देखलं."

वैदेही गच्चीवरून पाहून राह्यली होती. ते ओरडली, तिकडची ते मले इकडं ऐकू आली. मी या काठाले, पोट धरून पोरगी त्या काठाले, मधात तिची माय बसलेली, अन् गाड्या दोन्ही बाजूनं चाललेल्याच... त्या दिवशी मले रडू आलं, तुमाले खोटं काहून सांगू.

पाय मोडला. प्लास्टर. आता वच्छलाची खाट खिडकीपाशी सरकवली, पोरगी गच्चीवर येते, अन् दोघी एकमेकीले पाहत पाहत मोबाइलवर बोलतात. भेटाले येणारे काय म्हणतात? "पोरीले बोलावून घ्या न सेवेले, समोरच तर देली."

म्या म्हटलं, बस झालं. गेलो महापालिकेच्या हापिसात. सायेब म्हणे, "काका, झेब्रा पट्टी अन् सिग्नल असा कोणी मांगला म्हणून भेटत नाही. सर्वे लागते. पैदल पार करणारे किती, ते मोजावं लागते." म्हटलं, मोजा. लय दिवसानं एक मॅडम आल्या मोजाले, नूपुर नावाच्या, खुर्ची अन् छत्री घेऊन. म्या आदल्या दिवशी घरोघरी जाऊन हात जोडले, का उद्या सकाळी सारे जण पायी या अन् रोड पार करा. आमच्या मॉर्निंग वॉक मंडळाचे अध्यक्ष चंपतराव, छाती ठोकून म्हणतात, "चिंता करू नका जी, पुरं मंडळ घेऊन येतो."

आले. पुरं मंडळ आलं. गाड्यावर.

अन् यात त्यायची काय चूक म्हणा, आमचं वॉक मंडळ वॉकलेच गाडीनं जाते. बगीच्याच्या गेटपर्यंत गाडी, आत वॉक. म्हटलं, "चंपतराव, पायी या म्हटलं होतं न मी." तं म्हणतात, "या रोडवर पायी? मराचं हाये का गा?" चहा पेले, मॅडमसंग फोटो काढला, मले म्हणतात, "लढा रुपरावजी, आमी पाठीशी हाओ," अन् गेले सारे. राँग साइडनं.

राह्यलो मी एकटा. उन्हात उभा. एक पाय पुढं, एक मांगं, एक पुढं, एक मांगं. दुपारी मॅडम खुर्ची घडी करून राह्यल्या, तं धावत गेलो, "मॅडम, माझा एक तरी पकडा." त्या बिचाऱ्या लय गोड बोलल्या, "काका, तुम्ही पार कुठे केला? तुम्ही तर उभेच होतात. उभ्या माणसाचा रकाना नाहीये यात."

रिपोर्ट गेला. पादचारी, निरंक. अन् पादचारीच नाहीत तं डिव्हायडर मोकळा काहून ठेवाचा? त्याच्यावर लोखंडी जाळी ठोकली. आमच्याच सुरक्षेसाठी. अन् गट्टूच्या ढिगाच्या अन् ठेल्याच्या मधात एक पाय ठेवाले जागा होती, तिथं खांब गाडून बोर्ड लावला, "पादचाऱ्यांनो, जपून चाला". तुमी म्हणसान, चौकातून फेरा घालून जा न. चौकापर्यंत चालायचं कशावरून? याच रोडवरून न! ऑटोवाल्याले म्हटलं समोर जायचं हाये, तं तो हसला अन् निघून गेला.

इकडं वैदेहीले सातवा लागला. पह्यलं बाळंतपण माहेरी, ते ठरलेलंच असते. पार्वतीबाई फोनवर म्हणतात, "न्या न जी केव्हाही, आमी कुठं नाही म्हणतो, समोरच तर देली." पण रविंद्र म्हणते, "बाबा, दवाखाना आमच्या बाजूले हाये, कळा सुरू झाल्या तं चौकातून फेरा घालता घालता गाडीतच होऊन जाईन." बरोबर हाये त्याचं. अन् वच्छलाचा पाय तसा, पाहीन कोण? शेवटी मौद्यावरून वैभवीचाच फोन आला, "बाबा, दोघींलेही इकडंच पाठवा."

मोठे जावई, प्रेमानंद, गाडी घेऊन आले. वच्छलाले उचलून मांगच्या सीटवर बसवलं, पाय लांब. गाडी चौकातून फिरून तिकडच्या बाजूले लागली. मी गच्चीवर. वैदेही दार उघडून आत घुसली अन् आईच्या गळ्यातच पडली. इतक्या महिन्यानं दोघी एकमेकीले हात लावून राह्यल्या होत्या, अन् तेही माझ्या दारात नाही, मौद्याच्या वाटेवर. म्या हात हालवला. त्यायले दिसला नसन, मधात ट्रक आला.

मले गाडीत जागा नव्हती, पाय, सामान, पाळणा. प्रेमानंद निघता निघता म्हणे, "बाबा, तुमी बसनं या. मौद्याची बस तं तुमच्या घरासमोरूनच भेटते."

भेटते न. मी कुठं नाही म्हणतो? रोज थैली भरून काठाले उभा राहतो. बस येते, त्या बाजूले थांबते, लोकं चढतात, उतरतात. कंडक्टर भला माणूस हाये, आता वळखते मले. निघताना तिकडून हात दाखवते. मी बी दाखवतो.