तो हात देवाचा होता

...आणि वर मलाच विचारतात, दुखतंय का! दोन दात गेलेत, ओठाचा वडा झालाय, आणि दुखतंय का! अहो, मी नव्हतो, देव होता! इतकी वर्षं हेच गाव तसं म्हणत होतं ना? आमच्या खाडीतला सुसरदेव, ओबुकोरो. सणाला त्याचा लाकडी मुखवटा माझ्या डोक्यावर चढवायचे, ढोल घुमले की तो माझ्या अंगात यायचा, आणि मग कोयता घेऊन जो दिसेल त्याच्या मागे! बाया किंचाळतायत, माणसं चिखलात लोळतायत, सापडला की सपकन् वार... आणि दुसऱ्या दिवशी तोच माणूस जखमेला फडकं बांधून, जिन दारूची बाटली घेऊन माझ्या दारात, 'डागोगो, काल देव मला शिवला रे!' राग? नावाला नाही! कारण मी नव्हतो, देव होता!

पण यंदा त्यानं अति केलं. त्यानं हो, मी नाही! आमच्या गावप्रमुखांचा, डोकुबोंचा, कानच उडवला. झालं, गाव जमलं. आमच्याकडे रीतच आहे तशी, देव माजला की सगळ्यांनी मिळून त्याला मानणं सोडायचं. माणसं मानतात म्हणून त्याचा जोर, नाहीतर काय, लाकूड! डोकुबो डोक्याला फडकं गुंडाळून मुखवट्यावर ओरडले, 'ए ओंडक्या! काठावरच्या झाडातून कोरला तुला आम्ही! आमच्या जिवावर मोठा झालास आणि आमचेच कान कापतोस?' आणि हाणली कुऱ्हाड! मुखवट्याचे तुकडे, तुकड्यांना आग, सगळे एकेक करून थुंकले, 'आजपासून तू नाहीस!' मीसुद्धा थुंकलो. वाईट वाटलं हो, पण थुंकलो.

मग आग विझत आली. आणि तुम्हाला सांगतो, तेवढ्यात तो होड्या बांधणारा ओपुबो आपल्या मांडीवरचा व्रण बघतो... मग माझ्याकडे बघतो... आणि म्हणतो, 'थांबा जरा. देव नाही, तर मग मला कोयता कुणी मारला?'

मेलो! अख्खं गाव वळलं माझ्याकडे! वल्ही काय, जळकी लाकडं काय, एका म्हातारीनं तर ओली मासळी टोपलीसकट डोक्यात घातली! मी खालून बोंबलतोय, 'मी नव्हतो, देव होता!' आणि वरून डोकुबो लाथ घालत, 'कोण देव? आम्ही नाही ओळखत!'

रांगत घरी आलो. बायको, इबिनाबो, उखळात उकडलेली कच्ची केळी कांडत होती. तिच्या खांद्यावरही आहे एक व्रण, चांगला वीतभर. पाणवठ्यावर कापड सारून दाखवायची बायांना, 'मला देवानं निवडलं!' आता तिनं खांद्याकडे बघितलं, मग माझ्याकडे. अगदी गोड आवाजात, 'काय हो बोमाचे बाबा, हा मग कुणाचा हात?'

याच्यापेक्षा गावाचा मार परवडला! अहो, मी तिच्यावर कधी हात उचलला नाही, उचलणार नाही... आणि देव नसेल, तर उचलला की! खांदा फाडला की तिचा! नकोय मला तो हात! मी तिचे पाय धरले, 'तू तरी मान गं! एकटीनं मान!'

'एकटीच्या मानण्यानं देव होतो होय?'

'होतो! लहानसा होईल, पण होईल! एका खांद्यापुरता!'

तिनं उखळ बाजूला सारलं. मग म्हणाली, 'बरं, मानते.' आणि मुसळ उचलून घातलं माझ्या पाठीत! मी आडवा! 'अगं, मारतेस काय?' तर डोळे गरागरा फिरवून म्हणते कशी, 'मी नव्हते हो, देव होता!'

आता बोला! नाही म्हणू? म्हटलं, की तो खांदा माझ्या नावावर! सगळ्या गावात ओबुकोरोचे भक्त उरलोय आम्ही दोघंच. ती मारते, मी मानतो.