अण्णांनी काट्यावर ठेवलेली नजर

मित्रांनो, एका बॅटरीपायी माझी नोकरी जात होती! उमापूरच्या अण्णांच्या जुन्या जीपची बॅटरी उभ्या उभ्या उतरायची. आमच्या गॅरेजचे शेठ म्हणाले, "अजून एक तक्रार आली, तर तू घरीच बस." मी बॅटरी चार्ज केली, व्होल्ट दाखवणारा काटा बसवला आणि अण्णांना म्हणालो, "याच्यावर लक्ष ठेवा."

दुसऱ्याच सकाळी निरोप आला. सायकल दामटत गेलो, तर अण्णा जीपमध्येच बसलेले आणि हेडलाइट मिणमिणत होते.

मी चाचरत विचारलं, "अण्णा, लाइट कशाला लावली?"

"अंधारात काटा दिसंल का बे? हेडलाइट लावली तरच काट्यामागचा दिवा लागतो. पहाटेपासून नजर हटवली न्हाई, तरी खालीच चाललाय. शेठला सांगतो, पोरानं काटाबी खराबच बसवला!"