निळ्या टेम्पोचा रंग

रखमा : दोन हजार एकोणीस साल होतं, भाऊजी. गणपती उठले आणि चौथ्या दिवशी तुम्ही मासळीचा टेम्पो सालवडला आमच्या गॅरेजवर आणून लावलात. महिना सरायच्या आत आमचे हे गेले. मी काही विसरलेली नाही.

गोमा : वयनी, पाच वर्सं तुमी तोंड फिरवून जाता. बोईसरच्या बाजारात हाक मारली तर पलीकडं गेल्या. माजा गुना काय, तेवडं तरी सांगा.

रखमा : यांच्या छातीचं तुम्हाला ठाऊक नव्हतं? डॉक्टरांनी दोन वर्षांपूर्वीच निक्षून सांगितलं होतं, साधा ॲक्रिलिक इनॅमल मारा हवं तर, पण तो हार्डनर घालायचा पीयू रंग आता नको. नाकात गेला तर दम कोंडेल. आणि तुम्ही पीयूच मारून घेतलात.

गोमा : मी? कोनी सांगितलं?

रखमा : सांगायला कशाला हवं? टेम्पो नुसता चकाकत होता.

गोमा : मी इनॅमलच बोललेलो, वयनी. आत्मारामला बोललो, माशाचं पानी, खारा वारा, दोन पावसाल्यात भुरका पडला तर पडू दे, परत मारू. तर माज्यावरच उखडला. बोलला, आदीचा इनॅमल पन माजाच हात हाय. रोज तुजा टेम्पो चिंचणीच्या रस्त्याला दिसतो, पापुद्रे सुटलेला. मला मान खाली घालायला लागते. मी परत बोललो, इनॅमलच मार. त्यानं इनॅमलचा डबा दाखवला, तवाच मी निगालो.

रखमा : तो डबा मला नंतर माळ्यावर सापडला. झाकणसुद्धा उघडलेलं नव्हतं. मला वाटलं, तुम्हीच ऐन वेळी बदलायला लावलंत.

गोमा : मला काय कलतं रंगातलं? तुमी कुटं होत्या तवा?

रखमा : पालघरला. लेकीचं, स्नेहाचं दुसरं बाळंतपण. तीन दिवस. आमच्या मुलाने, केदारने चांगला मास्क आणून दिला होता, पण यांची ती खोड. हार्डनर बेताचा पडलाय का, ते मास्क खाली ओढून हुंगून बघायचे. मापाच्या भांड्यावर भरवसा नाही. कारागीर हसायचे, मास्तर नाकाने रंग कालवतात म्हणून.

गोमा : टेम्पो न्यायला आलो तवा खोकत व्हता. पन बोनेटवरनं असा हात फिरवीत व्हता! बोलला, जा, आता धा वर्सं माज्याकडं येऊ नको.

(रखमा आतून खुर्ची आणून ठेवते.)

रखमा : बसा.

गोमा : केदार काय करतो?

रखमा : तारापूरला कंपनीत लागला. गॅरेजची जागा टायरवाल्याला दिलीय. स्नेहाची धाकटी शाळेत जायला लागली. तुमचं?

गोमा : होडी इकली. गुडगे गेले. टेम्पो धीरज चालवतो, माजा थोरला. अजून धुतला का नवा दिसतो. वयनी, मला म्हाईत असतं तर मी त्याच्या हातातली रंगाची गन काडून घेतली असती.

रखमा : तुम्हाला माहीत नव्हतं.

गोमा : कोनालाच नव्हतं.

रखमा : मला होतं. पालघरहून आले त्याच संध्याकाळी यांचा शर्ट धुवायला घेतला. तीस वर्षं ते कपडे धुतले, मला पीयूचा वास कळणार नाही? चार दिवसांनी दवाखान्यात नेलं. डॉक्टर म्हणाले, लगेच का नाही आणलंत?

गोमा : मग त्या दिशी बोलल्या का नाय?

रखमा : हे ओट्यावर बसून गुणगुणत होते, भाऊजी. दोन वर्षांत पहिल्यांदा. मी शर्ट भिजत घातला आणि चहा ठेवला.